भरतीची अकॅडमी: पाच महिने, सोळाशे मीटर आणि सव्वा किलो डाळ

फौजेच्या भरतीची तयारी करून घेणाऱ्या या अकॅडमीचं नाव मी लिहिणार नाही. मैदानावर पळवणाऱ्या उस्तादांचं नाव लिहिलं तर ते रागावतील, आणि ऑफिसवाल्यांचं लिहिलं तर माझं हजार रुपयांचं डिपॉझिट बुडेल. बेळगावपासून पाऊण तासावर शेतात बांधलेली पत्र्याची शेड, समोर मुरमाचं मैदान, गेटवर रणगाड्याचं चित्र. त्याखाली ‘100 टक्के सरकारी नोकरी’, कन्नडमध्ये मोठ्या अक्षरात आणि मराठीत बारीक. खानापूरकडं जा नाहीतर निपाणीकडं, असले बोर्ड आता दिसतातच. पोराला अशा ठिकाणी घालायचा विचार असेल तर हे वाचा.

मी टिळकवाडीत खानावळ चालवते, सोळा वर्षं झाली. जेवायला येतात ती बहुतेक कॉलेजची पोरं. लोकांच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरांना मी रोज दोन वेळा वाढते, आणि माझं पोरगं पीयूसी सायन्सची, म्हणजे बारावीची, परीक्षा देऊन आलं नि म्हणालं, “आई, मला पुढं कॉलेज नको. अग्निवीरला जातो.” पोळ्या लाटत होते. तेवढी एक पोळी करपली.

आमचे हे उद्यमबागेत एका फौंड्रीत मशीन शॉपला आहेत. बावीस वर्षं उभं राहून काम. पोरानं इंजिनिअर होऊन त्याच शेडमधल्या काचेच्या केबिनमध्ये बसावं, एवढीच त्यांची इच्छा. त्यांनी आरडाओरडा केला नाही, नुस्तं बोलणं बंद केलं. नऊ दिवस. काही सांगायचं झालं तर माझ्याकडं बघून, “त्याला सांग, गाडीत पेट्रोल घालून ठेव.” आणि ते पोरगं समोरच बसलेलं असायचं.

सासूबाईंना मात्र आनंद मावेना. आमचे सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून नायक म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या माघारी सासूबाईंना फॅमिली पेन्शन मिळते. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला त्या नऊवारी नेसून, डोक्यात अबोली माळून बँकेत जातात, लग्नाला निघाल्यासारख्या. कॅन्टीनचा साबण, दवाखान्याचं कार्ड, सगळं फौजेचं. त्यामुळं त्यांचा हिशोब सोपा होता, फौजेत गेलं की आयुष्य मार्गी लागलं. शिवाय मराठा रेजिमेंटचं सेंटर आमच्या बेळगावातच, कॅम्पात. सासूबाई म्हणाल्या, “कॅम्पातच तर जायचंय. मी देतो की रोज डबा.”

हे सगळं घेऊन मी एकटीच अकॅडमी बघायला गेले. ऑफिसात इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण मुलगा बसलेला. महिना साडेसात हजार, त्यात राहणं-जेवण आलं. प्रवेशाचे दोन हजार वेगळे आणि गादीचं डिपॉझिट एक हजार. हे त्यानं एका दमात सांगितलं. मी विचारलं, चार वर्षांनंतर काय? तो म्हणाला, “मॅडम, आधी आत तर जाऊ दे. पुढचं पुढं.”

पोराला पाठवायचं की नाही हा प्रश्न असतो तो नेमका ‘पुढचं’चाच, आणि या विषयावर अख्ख्या ऑफिसात एक कागद नव्हता. म्हणून आधी जे घरी बसून केलं तेच सांगते. खानावळीच्या उधारीच्या वहीत मागच्या पानावर मी मांडलं. अग्निवीर ज्यातून भरती होतात ती अग्निपथ योजना 2022 च्या जूनमध्ये जाहीर झाली. नोकरी चार वर्षांची, ट्रेनिंग त्यातच धरून. पहिल्या वर्षी पगार महिना 30,000, त्यातले 9,000 कापून सेवानिधीत जातात, हातात 21,000. सरकार तेवढेच 9,000 आपल्याकडून घालतं. चौथ्या वर्षी पगार 40,000 पर्यंत जातो, हातात 28,000. सुटताना व्याजासकट साधारण 11.71 लाख मिळतात, त्यावर इन्कम टॅक्स नाही. शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस पुढं कायम होतात. बाकीचे बावीस-तेविसाव्या वर्षी घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचं कार्ड नाही, कॅन्टीन नाही.

सासूबाईंना ही शेवटची ओळ वाचून दाखवली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “साबण बी नाही?”

रात्री जेवायला आलेल्या पोरांपुढं तीच वही टाकली. फायनल इयरचं एक पोरगं ताकाचा ग्लास तोंडाला लावता लावता म्हणालं, “काकू, चार वर्षांत त्याला जेवढे मिळणार तेवढं मी कर्ज काढून बसलोय.” ते हसलं, मी हसले, पण आमचे हे आत बसून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोराला थेट विचारलं, “सीईटी देणार की नाही?” म्हणजे बोलणं सुरू झालं. सीईटी द्यायची, सीट मिळाली तर हातात ठेवायची आणि तोपर्यंत अकॅडमी, असं ठरलं. ज्या घरात बाप आणि पोरगं दोघंही हट्टी आहेत तिथं एवढा मधला रस्ता काढून ठेवा. पोराला आपण जिंकलो असं वाटतं, बापाला आपण हरलो नाही असं.

आता अकॅडमी. एप्रिल ते ऑगस्ट, पाच महिने.

जेवणापासून सुरू करते, कारण त्यातलं मला कळतं. भिंतीवर आठवड्याचा तक्ता लावलेला, रोज दोन अंडी, दूध, कडधान्य, रात्री भाकरी. पहिल्या महिन्यात पोरगं तीन किलोनं उतरलं. उतरणारच, पळतंय, असं म्हणून मी गप्प बसले. मग एका मंगळवारी न सांगता गेले. स्वयंपाकघरात शिरले तर पंचेचाळीस पोरांच्या आमटीला सव्वा किलो तूरडाळ शिजत होती. माझ्याकडं तेवढी ताटं असली तर दोन किलोच्या खाली मी उतरत नाही, आणि माझी पोरं दिवसभर बाकावर बसून असतात. आमटीत बघितलं तर तोंड दिसत होतं. अंडी बुधवारी आणि रविवारी, एकेक. दूध म्हणजे दुधाच्या रंगाचा चहा. भात मात्र वाटेल तेवढा. सकाळचं भिजवलेले हरभरे आणि गूळ हे तेवढं खरं होतं, त्याचे मार्क देते.

मी भांडले नाही. आचाऱ्याला विचारलं, डाळ कोण काढून देतं? तो म्हणाला, ऑफिस. ऑफिसात जाऊन मी त्या इस्त्रीच्या शर्टाला पंचेचाळीस ताटांचा हिशोब लिहून दिला, तूरडाळीचा, शेंगदाण्याचा, अंड्याचा, घाऊक भावासकट. वर सांगितलं, पुढच्या मंगळवारी परत येते. परत गेले तेव्हा डाळ पावणेदोन किलो होती आणि अंडी आठवड्यातून चार दिवस झाली होती. तुम्ही जाणार असाल तर दुपारी बाराच्या आत जा आणि तक्ता बघू नका, पातेलं बघा.

याच ऑफिसात काचेच्या कपाटात पावडरचे डबे ठेवलेत, ‘स्टॅमिना’ लिहिलेले. अठराशेला एक. पोरं एकमेकांचं बघून घेतात. माझ्यानं पण मागितला. त्या पैशांत शेंगदाणे, गूळ, तीळ आणि खारीक आणून लाडू केले, दोन डबे. एक त्याला, एक त्याच्या खोलीतल्यांना. ते पाच दिवसांत संपले आणि पावडर कुणी परत मागितली नाही.

आता उस्ताद. मराठा रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. बोलणं कमी, शिट्टी जास्त. या अकॅडमीत पैसे द्यावेत असं जे काही आहे ते हेच. पहाटे साडेचारला पोरं मैदानावर. भरतीत सोळाशे मीटर असतं. साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर 60 मार्क, त्यानंतरच्या पंधरा सेकंदांत आलं तर 48. बीमला, म्हणजे आडव्या दांड्याला लटकून अंग वर खेचायचं त्याला, दहा काढले तर 40, आणि एकेक कमी होईल तसे मार्क घसरत जातात. नऊ फुटी खड्डा ओलांडणं आणि झिगझॅग बॅलन्स, म्हणजे वाकड्यातिकड्या पट्टीवरून तोल सांभाळत चालणं, हे नुसते पास व्हायचे. आमचं पोरगं आलं तेव्हा सोळाशेला सहा वीस लागत होते आणि बीमला तीन.

पहिले पंधरा दिवस उस्तादांनी त्याला जोरात पळूच दिलं नाही. नवीन पोरं पहिल्या चारशे मीटरला कुत्रं मागं लागल्यासारखी पळतात आणि तिसऱ्या फेरीला बसतात, असं त्यांचं म्हणणं. पहिली फेरी तोंड मिटून, नाकानं श्वास घेत. ज्यानं तोंड उघडलं त्याला बाहेर काढायचे. दुसरं, रोज पळवत नाहीत. दोन दिवस जोर, एक दिवस हलकं, आणि रविवारी टेम्पोत घालून येळ्ळूरला, राजहंसगडाची चढण. तिसरं मला फार आवडलं. खऱ्या भरतीत पोरं घोळक्यानं सुटतात, कोपर लागतं, बुटावर बूट पडतो, कुणीतरी पडतंच. म्हणून शनिवारी सगळ्या पंचेचाळीस जणांना शेताच्या अरुंद रस्त्यावरून एकदम सोडायचे. तिथं पडायला शिका, म्हणायचे.

जूनमध्ये आमच्याकडचा पाऊस लागला तसं मैदान चिखल झालं. मग डांबरी रस्त्यावर पळवायला लागले आणि निम्म्या पोरांच्या नडग्या दुखायला लागल्या. इथं अकॅडमी कमी पडली. पावसाळ्यासाठी दुसरी सोय नाही, आणि बूट वाळवायला जागाही नाही. पोरगं ओले बूट घालूनच पळायचं. मी जुनी वर्तमानपत्रं घेऊन गेले, बुटात बोळे कोंबायला. तेवढं तरी तुमच्या पोराच्या बॅगेत घाला.

उस्तादांना पण मी तेच विचारलं, चार वर्षांनंतर काय? त्यांनी शिट्टी खिशात घातली आणि म्हणाले, “अक्का, चार वर्षंच धरून चला. पंचविसात बसलं तर देवाचं देणं. आणि आत गेल्यावर शिक्षण सोडू देऊ नका.” त्यांच्याकडूनच कळलं की अग्निवीरांना इग्नूची पदवी घेता येते, ज्यात फौजेतल्या ट्रेनिंगचेही क्रेडिट धरतात, आणि दहावी झालेल्यांना एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळेतून, बारावीचा दाखला मिळतो. केंद्राच्या सशस्त्र पोलीस दलांत सुटलेल्यांसाठी जागा राखून ठेवल्यात, हेही त्यांनीच सांगितलं. हे तीन मिनिटांचं बोलणं ऑफिसच्या भिंतीवर लावलं असतं तर बोर्डावर ‘100 टक्के’ लिहावं लागलं नसतं.

पेपरचा क्लास साधारण. अग्निवीर जीडीला, म्हणजे जनरल ड्यूटीच्या साध्या शिपायाला, पन्नास प्रश्न, शंभर मार्क, एक तास, चुकीच्या उत्तराला अर्धा मार्क वजा. शिकवणारे सर चांगले होते, पण सगळं हिंदी गाईडवरून, आणि समजावून सांगायचं ते कन्नडमध्ये. मराठी शाळेतून दहावी झालेली आठ-दहा पोरं गणिताला नीट असायची आणि सामान्य विज्ञानाला गोंधळून जायची. विज्ञानातले शब्द त्यांना मराठीतनं येतात. पेपर आता कन्नडमधून देता येतो तसा मराठीतूनही देता येतो, हे त्या सरांना पोरांनी सांगितलं. फॉर्म भरतानाच भाषा निवडावी लागते, त्या वेळी लक्ष द्या. आमच्या पोरानं इंग्रजी घेतली, पीयूसी त्यातच झालेली म्हणून. मराठी घेतलेल्या दोघांना पण जमलं.

कागदपत्रांत अकॅडमीनं काही मदत केली नाही. झेरॉक्सचे पैसे घेतले, बस्स. आमच्या भागातल्या पोरांचं दुखणं वेगळंच असतं. दहावीच्या मार्क्स कार्डावर नाव एक स्पेलिंगनं, आधारवर कन्नडमधून इंग्रजीत आलेलं दुसऱ्या स्पेलिंगनं, बापाचं नाव तिसरीकडं आडनावाशिवाय. आमच्याकडं एका ‘एच’नं तीन आठवडे खाल्ले. रहिवासी दाखला नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कचेरीतून, चारित्र्याचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला. सतरा वर्षांच्या पोराचं लग्न झालेलं नाही हे लिहून आणायला मी रांगेत उभी होते तेव्हा पुढचा बाबा म्हणाला, “आधीच आणताय? हुशार आहात.” हे सगळं अकॅडमीत घालायच्या आधी करून ठेवा.

गेटबाहेर चहाच्या गाड्यावर एक माणूस असायचा. मेडिकलला सांभाळून घेतो, एवढे एवढे लागतील, असं पालकांना बाजूला घेऊन सांगायचा. अकॅडमीचा तो नाही असं ऑफिस म्हणतं, पण पालकांचे फोन नंबर त्याला कुठून मिळाले ते सांगत नाही. अर्जाची जी काय अडीचशे रुपये फी आहे ती सोडली तर फौजेच्या भरतीला एक रुपया लागत नाही. पेपर कम्प्युटरवर, पळणं घड्याळावर. मेडिकलसाठी करायचं एवढंच, आपल्या डॉक्टरकडं जाऊन डोळे, दात, गुडघे, तळपाय दाखवायचे आणि कान साफ करून घ्यायचे. कानातल्या मळापायी थांबवलेलं पोरगं मी बघितलंय, त्याची आई माझ्याशेजारी बसून रडत होती.

जुलैच्या एका रविवारी आमचे हे म्हणाले, मी येतो. मैदानाच्या कडेला छत्री घेऊन उभे राहिले. पोरगं पळालं. यांनी खिशातून मोबाइल काढला, बघितला, परत ठेवला. घरी येईपर्यंत गाडीवर गप्प. दारात चप्पल काढता काढता म्हणाले, “पाच बेचाळीस. बारा सेकंद काढायचे आहेत.” हा माणूस दिवसभर मायक्रोमीटर घेऊन काम करतो, केसाच्या जाडीवर जॉब रिजेक्ट करतो. त्याला बारा सेकंद म्हणजे काय ते कळतं. त्या दिवसापासून दोघं बोलायला लागले, तेही फक्त सेकंदांवर. आज किती? एकोणचाळीस. कुठं गेले? तिसऱ्या फेरीत. सीट मिळाली होती, ती सोडायची शेवटची तारीख आली आणि गेली, त्यावर कुणी शब्द काढला नाही.

भरतीला मध्यरात्री दोनला हजर व्हायचं होतं. पोरं थंडीत रांगेत बसलेली. आमचं पाच चौतीसला आलं. म्हणजे चार-पाच सेकंदांनी 12 मार्क गेले. बीमला पुरे दहा काढले. बाहेर आल्यावर पहिला फोन यांना, “बाबा, चौतीस.” हे म्हणाले, “हं. वारा होता काय?”

यादीत नाव आलं. अठरा पूर्ण व्हायला दीड महिना कमी होता, त्यामुळं फॉर्मवर पालकाची सही लागली. हे म्हणाले, तू कर, तूच त्याला इथवर आणलंस. मी म्हटलं, आडनाव तुमचं आहे. शेवटी त्यांनीच केली, मराठीत, नेहमीपेक्षा सावकाश. फौंड्रीत काळी झालेली बोटं त्यांनी आधी पँटला पुसली. पेन परत देताना झाकण लावायचं विसरले.

आता मार्क. उस्तादांना पाचपैकी पाच. पेपरच्या क्लासला तीन. जेवणाला पहिल्या महिन्याचे एक आणि माझ्या मंगळवारनंतरचे तीन. ऑफिसला शून्य. सगळ्याचं मिळून साडेतीन द्या हवं तर, पण ते खरं नव्हे, कारण उस्ताद उद्या सोडून गेले तर तिथं पत्र्याची शेडच उरते. पोराला घालायच्या आधी ट्रेनर कोण आहे, किती वर्षं आहे, आणि पुढच्या पाच महिन्यांत तोच असणार आहे का, एवढं विचारा. तोंडावर सांगायला तयार नसतील तर गाडी वळवा.

पोरगं नाशिक रोडला आहे, तोफखान्यात. कॅम्प मिळाला नाही म्हणून सासूबाई दोन दिवस रुसल्या होत्या. आता नाशिकला जाणारं कोण आहे का याची त्या वाड्यात चौकशी करत असतात. एक डबा भरून ठेवलाय, कुंद्याचा.

गादीचं डिपॉझिट अजून मिळालेलं नाही. सोमवारी जाणार आहे. उस्तादांसाठी पुरणपोळ्या नेते, त्या मैदानावर देणार आणि मग ऑफिसात जाऊन बसणार, हजार रुपये मिळेपर्यंत.